नाल्यापलीकडची पाखरं

"ढोल सरकला," आत्याबाई म्हणाल्या.

मी चुलीपुढून उठून अंगणात आले. आत्याबाई, म्हणजे माझी सासू, ओसरीचा खांब धरून उभी होती. गुडघ्यांनी त्या वर्षी तिला पुरतं जेरीस आणलं होतं, पण कान शाबूत होते. दुपारपासून गावाच्या वरच्या अंगाला, धानाच्या शेतांकडं, बांध्यांकडं, ढोल आणि टिनाचे डबे वाजत होते. मधूनच फटाक्यांची माळ तडतडायची. आमच्या येनबोडी गावातला एकूण एक बाप्या तिकडं होता, माझा नवरा खुशालसुद्धा. हत्ती आले होते.

आमच्या जंगलात वाघ आहे, अस्वल आहे. त्यांच्याशी कसं वागायचं ते लहान पोरालाही कळतं. हत्ती मात्र आम्ही फक्त चित्रात पाहिलेला. त्या वर्षी दसरा झाला आणि पूर्वेच्या जंगलातून एक कळप नदी ओलांडून आला, तो थेट पिकत आलेल्या धानात शिरला. तेव्हापासून गावात कुणाच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता.

"कुठं सरकला?" मी विचारलं.

"आयक ना. मघा बोडीच्या पाण्याकडं होता. आता सूर्य बुडते तिकडं जाऊन राह्यला."

मी कान दिला. खरंच होतं. सूर्य बुडतो तिकडं नाला. नाल्यापलीकडं येनाची, म्हणजे ऐनाची, झाडं, आणि त्या झाडांत कुडाची एक खोपडी. खोपडीत माझे सासरे डोमाजी, एकटे. पोरं हत्तींना धानातून हुसकत होती आणि हुसकून नेमकी मामाजींच्या अंगावर घालत होती. मुद्दाम नव्हे. आपल्या बांधीतला हत्ती दूर गेला पाहिजे, एवढंच त्या घटकेला माणसाला दिसतं.

"मामाजीले आयकू जाईल ना ढोल?"

मामाजींचा एक कान पार गेलेला, दुसरा नावापुरता. फोन ते खोपडीत नेत नसत, आणि नेला असता तरी त्या बाजूला त्याचा उपयोग नव्हता.

आम्ही ढिवर. अर्धं वर्ष मासोळीवर जगतो, अर्धं कोशावर. येनाच्या पानांवर हिरव्यागार अळ्या वाढतात, बोटापेक्षा जाड होतात, आणि मग फांदीला रेशमाचा देठ गुंडाळून त्याला अंड्याएवढा टणक कोसा लटकवतात आणि त्यात स्वतःला कोंडून घेतात. त्याच कोशाचं टसर रेशीम होतं. विकायचे कोसे वेगळे, बियाण्याचे वेगळे. बियाण्याच्या कोशांच्या माळा करून त्या खोपडीत टांगायच्या आणि वाट पाहायची. पाऊस सरतो, पहाटे अंगावर काटा येईल अशी थंडी पडू लागते, आणि मग एका संध्याकाळी आतलं पाखरू लाळेसारखं पाणी सोडून कोशाचं टोक मऊ करतं आणि बाहेर येतं. माणसाच्या पंजाएवढं पाखरू. त्याला खायला तोंडच नसतं. जे काही थोडे दिवस मिळतात त्यात नर-मादीनं एकमेकांना गाठायचं, मादीनं अंडी घालायची आणि मरायचं. त्या अंड्यांवर आमचं थंडीचं सगळं पीक.

माळा टांगल्या की मामाजी घर सोडत. नाल्यात अंघोळ, आपल्या हातचा भात, त्यात तेल नाही की मासोळी नाही. आणि बाईनं नाला ओलांडायचा नाही. सगळ्याच ढिवरांकडं असं असतं असं नाही, पण आमच्या घरात होतं.

मला ते कुणी सांगितलं नव्हतं. आदल्या वर्षी, लग्न नवं होतं, पावसाळ्याचं पीक झाडांवर होतं. मामाजी तापानं फणफणलेत असं कळलं म्हणून मी पेज घेऊन गेले. नाला ओलांडला, येनाखाली उभी राहिले, वर पाहिलं. हजारो तोंडं पानं कुरतडत होती. भुरभुर पाऊस पडावा तसा आवाज येत होता. मला फार आवडला तो आवाज. थोड्याच दिवसांत त्या अळ्या काळ्या पडल्या आणि डोकी खाली करून फांद्यांना लोंबू लागल्या. झाडंच्या झाडं. गावभर झालं, डोमाजीच्या सुनेचं पाऊल लागलं. आत्याबाईंनी तोंडावर ऐकवलं. खुशाल माझ्या बाजूनं भांडला. मामाजी काहीच बोलले नाहीत, ना मला, ना लोकांना. त्यानंतर त्यांनी माझ्याकडं सरळ पाहिल्याचं मला आठवत नाही. ताट ठेवलं की जेवत, आणि उठून जात.

"मी जाऊन सांगू?" मी म्हटलं.

"तू?"

"दुसरं कोन हाय, आत्याबाई? घराघरात म्हाताऱ्या अन् लेकरं."

"आज काय हाय माहीत हाय ना तुले? कालपासून पाखरं निघून राह्यली. आज सारी निघतीन. आजच्या दिवशी तू तिकडं गेली, अन्..."

ढोल आणखी सरकला. मग हत्तीचा आवाज आला. पत्रा फाडावा तसा, पण त्यात जीव होता. अंगणातली कोंबडी उडून भिंतीवर बसली.

आत्याबाई खांबाला धरून हळूहळू खाली बसल्या.

"जा नाही म्हनत मी तुले," त्या म्हणाल्या. मग पदर तोंडाशी धरून, "पन थांब बी नाही म्हनत."

मी चपला घातल्या नाहीत. नाल्याच्या चिखलात चपला रुततात.

पायवाट मोहाच्या झाडांतून जाते. ऊन शेंड्यांवर गेलं होतं, खाली सावली दाटत होती. ढोल उजव्या हाताला होता आणि मी धावेन तसा जवळ येत होता, म्हणजे आम्ही दोघं एकाच ठिकाणी निघालो होतो. खरं सांगायचं तर धावताना मला हत्तीपेक्षा मामाजींच्या तोंडाची धास्ती वाटत होती. मला पलीकडं पाहून ते काय म्हणतील? आणि काहीच म्हणाले नाहीत तर?

नाल्याच्या काठाला मी थबकले. पाणी गढूळ होतं. वारा नव्हता, गुरं त्या दिवशी सोडलेली नव्हती, आणि तरी पाणी गढूळ होतं. पलीकडच्या चिखलात परातीएवढा गोल खड्डा होता. त्यात पाणी अजून झिरपत होतं आणि कडेची माती अजून ढासळत होती. त्याच्या पुढं दुसरा.

ढोल मागं होता. हत्ती पुढं गेला होता. निदान एक तरी.

परत फिरावं असं मनात आलं. घरी जाऊन सांगता आलं असतं, वाट बंद होती म्हणून. कुणी बोल लावला नसता. उलट बरं झालं म्हणाले असते. मी बराच वेळ त्या खड्ड्याकडं बघत राहिले असेन असं मला वाटतं. मग पाय पाण्यात घातला.

खोपडी येनांच्या मधोमध होती. कुडाच्या भिंती, वर पळसाच्या पानांचं छप्पर, आणि दाराला बांबूची ताटी. भिंत आणि छप्पर यांच्यामध्ये वारा खेळायला हातभर मोकळी जागा. ताटी लावलेली होती.

"मामाजी!"

काही नाही.

"मामाजी!"

ताटीच्या फटीत चेहरा दिसला. पाहिलं कोण आहे ते, आणि चेहरा दगडासारखा झाला.

"तिथंच उभी राह्य!" बहिरी माणसं ओरडतात तसे ते ओरडले. "पुढं येऊ नोको!"

"हत्ती! हत्ती येऊन राह्यले!"

"काय?"

मी हात नाकाला लावून सोंड करून दाखवली. आज सांगताना हसू येतं. तेव्हा मामाजी माझ्याकडं बघतच नव्हते. ते माझ्या खांद्यावरून मागं बघत होते.

मी वळले. येनांची साल काळपट आणि भेगाळलेली असते. त्या खोडांतलं एक खोड हललं. मग त्याला कान फुटला. सुळ्यांचा हत्ती होता, एकटाच, ओल्या चिखलानं छातीपर्यंत माखलेला. सोंड वर उचलून तो हवा हुंगत होता. माझ्या आणि नाल्याच्या बरोबर मध्ये.

मी मागच्या मागं सरकत ताटीपाशी आले. पाठ बांबूला लागली.

"मामाजी, ताटी उघडा."

त्यांचा हात आतून ताटीवर होता. फटीतून मला बोटं दिसत होती. ती हलली नाहीत.

"मामाजी."

हत्तीनं एक पाऊल टाकलं. एवढं मोठं जनावर, पण पानही वाजलं नाही. ते सगळ्यात वाईट होतं. मी बोटांकडं बघत होते. बांबूवर घट्ट धरलेली, नखं पांढरी झालेली बोटं.

मग ताटी सरकली आणि त्यांनी माझं मनगट धरून मला आत ओढलं.

आत अंधारल्यासारखं होतं. छपरापासून कमरेपर्यंत माळाच माळा, आणि त्यांच्यातून वाकून जावं एवढीच जागा. ओल्या मातीसारखा, किंचित आंबूस वास. आणि सगळीकडून खसखस, कागद चुरगाळल्यासारखी. कोसे आतून खरवडले जात होते. मामाजींनी ताटीचा दोर बांधला, मला खांदे धरून मागच्या भिंतीशी बसवलं आणि ओठांवर बोट ठेवलं. स्वतः दाराशी उकिडवे बसले.

आम्ही थांबलो.

माझ्या तोंडासमोर एक कोसा होता. त्याचं टोक काळपट ओलं झालं. मग तिथून काहीतरी ढकललं गेलं: आधी केसाळ डोकं, मग पाय, मग पिळलेल्या ओल्या चिंधीसारखे पंख. पाखरू कोशावरून घसरलं आणि माझ्या खांद्यावर पडलं. पायांनी चाचपडत लुगड्यावर चढलं आणि दंडाच्या वर, उतारावर लटकून राहिलं. मी मामाजींकडं पाहिलं. त्यांनी पाहिलं होतं. त्यांनी हाताचा तळवा हळूच खाली दाबून दाखवला: हलू नको. नुकतं निघालेलं पाखरू कुठंतरी लोंबून राहिलं तरच त्याच्या पंखात रस उतरतो. खाली पडलं तर पंख तसेच चुरगाळलेले सुकतात आणि ते कायमचं पांगळं होतं. मला हे खुशालनं सांगितलं होतं. पण मामाजी पाखरासाठी सांगत होते की हत्तीसाठी, ते मला कळलं नाही.

बाहेर श्वास ऐकू आला. भात्यासारखा. त्याच्या खाली आणखी एक आवाज होता, इतका खर्जातला की तो कानाला नाही, छातीला लागत होता. मामाजींना तो कळला असावा; त्यांनी हात जमिनीवर टेकवला. कुडाला अंग घासलं गेलं. भिंतीवरची माती माझ्या मानेवर सांडली.

मग छपराखालच्या मोकळ्या जागेतून सोंड आत आली.

तिला घाई नव्हती. एक माळ हुंगली, सोडली. मामाजींच्या डोक्यावरचं मुंडासं उचललं, टाकलं. मामाजींचे डोळे मिटलेले होते आणि ओठ हलत होते. मग सोंड भिंतीच्या कडेनं माझ्याकडं आली. टोकाशी ओलं, गुलाबी, बोटासारखं काहीतरी होतं. ते माझ्या गालाला लागलं, मानेवरून खाली आलं, खांद्यापाशी थांबलं. पाखरापाशी. गरम वाफ माझ्या दंडावर आली आणि गेली. पाखराचे अर्धे उलगडलेले पंख त्या वाऱ्यानं हलले. मी श्वास घेतला नाही. पाखरानं लुगडं धरून ठेवलं.

सोंड मागं गेली, आणि दुसऱ्या क्षणी भिंतीवर धक्का बसला. सबंध खोपडी कुरकुरली. माळा झुलल्या. पुन्हा एक धक्का, आणि कुडाला खालच्या अंगाला भोक पडलं.

मामाजी मला काहीतरी दाखवत होते. बोट माझ्या बाजूला, कोपऱ्याकडं. तांदळाचं पोतं. त्याला तेच हवं होतं. माझ्यापासून ते चार हातांवर होतं, पण मध्ये सगळ्यात दाट माळा होत्या, आणि आदल्या संध्याकाळी निघालेल्या पाखरांच्या जोड्या त्या माळांना बिलगून बसल्या होत्या. तिथं मामाजी खुशाललाही जाऊ देत नसत.

मी मानेनंच विचारलं: मी?

त्यांनी मान हलवली: तूच.

मी सरपटत गेले, डावा खांदा वर धरून. माळा केसांत अडकत होत्या, पाखरांचे पंख तोंडाला लागत होते, त्यांची धूळ नाकात जात होती. पोत्याला दोन्ही हातांनी मिठी मारली आणि ओढत भिंतीच्या फुटलेल्या भागाशी नेलं. तिथून बाहेरचा पाय दिसत होता. नखं दिसत होती. मी पोतं त्या भोकातून बाहेर ढकललं, अडकलं, पायानं रेटलं. सोंडेनं ते माझ्या हातून अलगद काढून घेतलं.

पोतं फाटलं. तांदूळ सांडला. मग दातांखाली तो भरडला जाण्याचा आवाज आला, सावकाश, जात्यासारखा. मामाजींनी डोळे उघडले. पहिल्यांदाच मला वाटलं की आम्ही वाचू.

आणि नाल्याच्या काठावरून फटाके सुटले.

पोरांना काय ठाऊक? ती कळपामागून तिथवर आली होती, आणि झाडीत हत्तीची पाठ दिसली होती. माळच्या माळ तडतडली. हत्ती गर्रकन वळला, त्याचं बूड कोपऱ्याच्या खांबावर आलं. खांब मोडल्याचा आवाज मला आठवत नाही. एवढंच आठवतं की एकदम आभाळ दिसलं. अर्धं छप्पर खाली आलं होतं. तो झाडं मोडत जंगलात गेला. इतका वेळ न वाजलेलं त्याचं पाऊल आता गडगडत होतं.

मामाजी कण्हले. खांब त्यांच्या पायावर होता.

मी खांबाला हात घातला आणि वर पाहिलं. मोडक्या छपरातून पाखरं जात होती. विटकरी रंगाचे नर, अंग हलकं, पंख सुकलेले, फटाक्यांनी बिथरलेले. एकामागून एक, संध्याकाळच्या उजेडात वर चढत, येनांच्या शेंड्यांवरून पलीकडं. त्यांना धरणार कोण?

खुशाल सगळ्यात आधी पोचला. त्याच्या मागून वारलू आणि बाकीचे. वारलू आमचा शेजारी, स्वतः कोसा करणारा. चौघांनी मिळून खांब उचलला. पाय गुडघ्याखाली वाकडा झाला होता. खुशालनं बापाचं डोकं मांडीवर घेतलं. मग हळूहळू सगळ्यांचं लक्ष माझ्याकडं गेलं. मी माळांच्या मधोमध उभी होते, केसांत कोशाचे धागे अडकलेले.

"बाई आत?" वारलू म्हणाला. "बियान्यात?"

छपराची पानं सरकत होती.

"तरीच," मागून कुणीतरी पुटपुटलं.

"मी घेतली आत," मामाजी म्हणाले. दात आवळून, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं. "माझ्या हातानं."

"पन दादा, नर तं गेले सारे. आता कायची अंडी अन् कायचं पीक?"

"माद्या?" मामाजींनी विचारलं.

माद्या होत्या. पोटात अंडी घेऊन जड झालेल्या, पडलेल्या माळांवर, मोडक्या कुडावर, जिथं होत्या तिथंच बसून होत्या. जोडी जुळल्याशिवाय मादी जागा सोडत नाही.

"झाडाइले लाव त्याहिले," मामाजी म्हणाले. "जंगलात बी नर हायेत. मादीच्या वासावर येतेत म्हने. माह्या बापानं सांगतलं होतं."

"येतीन?" खुशालनं विचारलं.

"मले काय माहीत? मी कधी लावली नाही."

"मी लावतो."

"तुह्या हातानं मरतीन त्या." मामाजींनी हात उचलून माझ्याकडं बोट केलं. "तिच्या खांद्यावर पाह्य."

मी स्वतःच विसरले होते. पाखरू तिथंच होतं. पंख पूर्ण उलगडले होते, हळदीसारखे पिवळे, आणि चारी पंखांवर एकेक गोल काचेसारखी खिडकी. मादी होती. पिवळ्या पंखावर एक चुणीदेखील राहिली नव्हती.

वारलू वाकला आणि पडलेल्या माळेचं सूत सोडवायला लागला.

पुरता अंधार पडायच्या आत मी आणि खुशालनं माद्या झाडांना लावल्या. पंखाच्या बुडाशी सुताचा सैल फास, दुसरं टोक फांदीला. तो फांद्या वाकवायचा, मी बांधायची. नाल्यापलीकडं दोघं ढोल घेऊन राखणीला उभे होते, पण वाजवत नव्हते. वर्षभर मला त्या झाडांकडं नजर वर करून बघायची मुभा नव्हती.

घरी बांबूच्या कामट्या लावून मामाजींचा पाय बांधला होता. कळप सडकेवर उतरला होता, त्यामुळे सकाळशिवाय दवाखान्याची गाडी येणार नव्हती. बायका जमल्या होत्या. त्यांच्यातली एक आत्याबाईंच्या कानाशी लागून म्हणाली, पुन्हा त्याच पावलानं घात केला म्हणून. माझी सासू माझ्या बाजूनं बोललेली मी तोवर ऐकली नव्हती.

"मोडलं ते हत्तीनं," त्या म्हणाल्या. "हिनं नाही. अन् माहा माणूस घरी आला ना? बस."

सगळे पांगल्यावर मी मामाजींना पाणी द्यायला गेले. पेला घेताना त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मला हिंमत आली.

"मामाजी, तुमी मानत नाही ना ते? पावलाचं?"

ते पाणी प्यायले. पेला खाली ठेवला.

"मानतो," ते म्हणाले. "आजबी मानतो."

मी रिकामा पेला उचलला.

"मानतो म्हनून तं ताटी उघडाले येळ लागला, बाई."

एवढं बोलून त्यांनी डोळे मिटले. मी तिथंच बसून राहिले. आधी मला राग आला. मग त्या पांढऱ्या पडलेल्या नखांची आठवण आली. जो मानतच नाही त्याला ताटी उघडायला काय लागतं? त्यांच्या लेखी त्या ताटीच्या एका बाजूला सबंध वर्ष होतं, आणि दुसऱ्या बाजूला मी.

उजाडायला लागलं तशी खुशालला घेऊन मी नाल्यावर गेले. धुकं पाण्यावर बसलं होतं. पहिल्या येनाखाली मला पंख दिसले. नुसते पंख, पिवळे, चारी सुटे. वटवाघळानं किंवा घुबडानं अंग खाऊन पंख टाकले होते. वर फांदीला सूत तसंच लोंबत होतं. दुसऱ्या झाडाखाली तेच. खुशाल मटकन खाली बसला. "झालं," म्हणाला.

मी तिसऱ्या झाडाकडं गेले ते केवळ उरलेली सुतं काढायला.

फांदीच्या खालच्या अंगाला मादी होती, आणि तिला पाठमोरा चिकटून नर. आमचे नर नव्या विटेसारखे, कोरे. हा काळपट होता आणि त्याच्या पंखांच्या कडा काट्याकुट्यातून उडून झिजल्या होत्या. मिशा फर्नच्या पानासारख्या पसरलेल्या. कुठून, किती लांबून, अंधारात काय हुंगत आला होता कोण जाणे. पुढच्या फांदीवर आणखी एक जोडी. त्याच्या पुढच्या झाडावर रांगेनं. एक मादी तेवढी एकटी होती आणि तिच्याभोवती दोन नर उजेडातसुद्धा धडपडत होते.

त्या अंड्यांचं पीक भरभरून आलं असं नाही. पण कोसे लहान आणि लोखंडासारखे टणक निघाले, अळ्या कमी मेल्या, आणि आजही आमच्या घरचं बियाणं त्याच वंशाचं आहे. हे सगळं पुढचं. तेव्हा मी नुसती उभी होते, आणि खुशाल "बाबाले सांगतो" म्हणत धावत सुटला होता.

त्यानं सांगितलं, पण मामाजींचा विश्वास बसला नसावा. गाडी सडकेवर आली होती, आणि सडक उलट्या दिशेला. तरी त्यांनी बाज नाल्याकडून न्यायला लावली. वारलूनं आणि तिघांनी बाज खांद्यावर घेऊन नाला ओलांडला, शिव्या देत. येनाखाली आल्यावर मामाजींनी हात वर केला. बाज थांबली. ते पडल्या पडल्या वर बघत राहिले. दुखण्यानं चेहरा राखेसारखा झाला होता.

"जंगलचे?" त्यांनी विचारलं.

"जंगलचे," मी म्हटलं.

त्यांनी डोळे बारीक करून पुन्हा पाहिलं. मग माझ्याकडं न बघता भराभर बोलू लागले, जसं खुशालशी बोलत तसं. "दुपारपर्यंत हात लावू नोको. आपसूक सुटतीन. सुटल्या का माद्या द्रोणात ठेव, एकेक येगळी. उन्हात नोको. अन् मुंग्या पाह्य, बुंध्यावरून चढतेत त्या. एक चढली का सारी रांग चढते."

"होय, मामाजी."

"चला," ते वारलूला म्हणाले.

बाज उचलली गेली. पाण्यात उतरताना वारलूनं मागं वळून पाहिलं, मामाजींनी नाही. काम सोपवलेल्या माणसाकडं कुणी पुन्हा पुन्हा वळून पाहत नाही. मी फांदी मोडून घेतली, पहिल्या बुंध्याशी बसले आणि मुंग्या झाडायला लागले.